वाडा, पोरकी मुलं आणि पंधरा दिवसांची मुदत

मोठं घर, आईवडील नसलेली मुलं आणि त्या घरात दडलेली एखादी गोष्ट, एवढ्या भांडवलावर मुलांच्या रहस्यकादंबरीची एक अख्खी शाखा उभी आहे. फ्रान्सिस हॉजसन बर्नेट यांच्या १९११ सालच्या ‘द सीक्रेट गार्डन’मधली मेरी भारतात कॉलऱ्याच्या साथीत पोरकी होते आणि यॉर्कशायरमधल्या शंभर खोल्यांच्या घरात येऊन पडते. लेमनी स्निकेट या नावाने १९९९ ते २००६ या काळात आलेल्या तेरा पुस्तकांमध्ये बोदलेअर भावंडांच्या वारशावर टपलेला काउंट ओलाफ आहे. मराठीत ना. धों. ताम्हणकरांचा गोट्या पोरका होता, पण त्याच्या गोष्टी रहस्याच्या नव्हेत. भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा बनेश फेणे रहस्यं धुंडाळत भारतभर फिरला, पण तो पोरका नव्हता. सत्यजित राय यांचा फेलुदा अशोक जैन यांच्या अनुवादांतून मराठी घरांत आला. तो मात्र नऊ वर्षांचा असताना पोरका झाला आणि काकांच्या घरी वाढला, हे पुष्कळ वाचकांच्या लक्षातही राहत नाही.

या जातीची कादंबरी आतून चालते कशी, ते एक नमुना रचून दाखवतो. जागा घेऊ मालवण तालुक्यातलं आचरा. कारण पुढे येईलच.

आधी पोरकेपण. नऊ ते तेरा वर्षांच्या वाचकासाठी लिहिताना पहिली अडचण असते ती मोठ्या माणसांची. आई घरात असेल तर रात्री अकरा वाजता मुलं माळ्यावर चढणार नाहीत. चढलीच तर दुसऱ्या पानावर आई हाक मारेल आणि गोष्ट संपेल. म्हणून लेखक आईवडिलांना कथेबाहेर काढतात. कुणी त्यांना परदेशी पाठवतो, कुणी मुलांना वसतिगृहात ठेवतो, कुणी आईवडिलांना मारून टाकतो. शेवटचा मार्ग लिहायला सोपा असतो, आणि म्हणूनच त्याची किंमत लेखकाने मोजायला हवी. २०२०–२१ च्या कोविडने महाराष्ट्रात कितीतरी मुलांचे दोन्ही पालक नेले. ती मुलं आज वाचायच्या वयात आहेत. पहिल्या प्रकरणात अपघात आणि तिसऱ्यात हसतखेळत खजिन्याचा शोध, असं पुस्तक त्यांच्या हातात पडू नये.

माझ्या मते पोरक्या मुलांच्या रहस्यकथेत दोन प्रश्न एकाच वेळी चालू असतात. वरचा प्रश्न असतो चोर कोण, किंवा कागद कुठे. खालचा असतो, उद्यापासून आम्ही राहायचं कुठे, आमचं म्हणणारं कुणी आहे का? वरच्या प्रश्नाचं उत्तर सापडताच खालच्याचंही सुटलं पाहिजे, तेही त्याच पुराव्याने. सोन्याचा हंडा सापडला आणि योगायोगाने कनवाळू मावशीही भेटली, असं झालं तर बांधणी फसली. नमुना रचताना ही एकच कसोटी मी धरणार आहे.

तेव्हा तीन भावंडं घेऊ. थोरली बारा वर्षांची, मधला दहाचा, धाकटी सातची. मुंबईत वाढलेली. आईवडील गेल्यावर काका त्यांना गावच्या घरी घेऊन येतो. इथेच आजचा जाणता वाचक विचारेल की १०९८ या चाइल्डलाइनच्या क्रमांकावर कुणी फोन कसा केला नाही? प्रश्न रास्त आहे. २०१५ च्या बाल न्याय कायद्याप्रमाणे ज्याला जन्मदाते, दत्तक पालक किंवा कायदेशीर पालक नाहीत, अथवा असलेला पालक सांभाळायला तयार किंवा समर्थ नाही, ते मूल अनाथ ठरतं. असं निराधार मूल सापडलं तर प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांत त्याला बालकल्याण समितीपुढे न्यावं लागतं. म्हणजे ओसाड वाड्यात एकटीच राहणारी मुलं आजच्या काळात पटत नाहीत. एक तर गोष्ट पन्नास वर्षं मागे न्यावी, नाहीतर घरात एक नातेवाईक ठेवावा. मला दुसरा मार्ग आवडतो, कारण त्यात खलनायक आयताच घरात येतो, तोही सांभाळणाऱ्याच्या रूपात. काका मुलांना जेवायला घालतो, शाळेत नाव घालतो, गावात त्याचं कौतुक होतं. त्याच्यावर संशय घ्यायचा म्हणजे कृतघ्नपणा, असं थोरलीला वाटतं. ही घुसमट कुठल्याही भुतापेक्षा जास्त पकडून ठेवते.

आता घर. परदेशी कादंबऱ्यांतल्या हवेल्यांची नक्कल करून इथे मनोरे आणि तळघरं बांधायची गरज नाही. सिंधुदुर्ग जिल्ह्यातलं जुनं चौसोपी घर स्वतःच पुरेसं गुंतागुंतीचं असतं. पुढे शेणाने सारवलेलं खळं, थंडीत त्यावर माटव. मग पडवी, ओटी, माजघर, देवघर, अंधारी वळई, बाळंतिणीची खोली, माडी आणि त्यावर माळा. मागे न्हाणीघर, बाव, माडांचं परडं. आचऱ्याच्या खाडीकाठी घर घेतलं, तर परड्याच्या टोकाला पाण्यात उतरणाऱ्या चार पायऱ्या. लेखकाने लिहायला बसण्याआधी हा नकाशा कागदावर काढावा आणि शेवटपर्यंत पाळावा. बालवाचक नकाशा डोक्यात ठेवून वाचतो. तिसऱ्या प्रकरणात देवघराच्या डावीकडे असलेली वळई नवव्यात उजवीकडे गेली, तर तो पुस्तक बाजूला ठेवतो.

चिरेबंदी भिंतीत एक सोय आहे, तिचा उपयोग करावासा वाटतो. जांभा खाणीतून काढताना मऊ असतो, हवेत राहून टणक होतो. नवा चिरा लालसर दिसतो. जुना पावसाळे खाऊन काळवंडतो, त्यावर शेवाळ चढतं. मागच्या भिंतीत दरवाजाएवढ्या जागेतले चिरे भोवतालच्यांपेक्षा लाल असतील तर तिथे पूर्वी दार होतं आणि ते फार वर्षांपूर्वी बंद केलेलं नाही. पहिल्या पाच पानांत धाकटी त्या भिंतीचं चित्र काढते आणि लाल खडूने मधला चौकोन रंगवते. सगळे म्हणतात, छान. अकराव्या प्रकरणात तेच चित्र भिंतीवरून काढून नीट पाहिलं जातं.

दुवा असाच पेरायचा असतो, उघड्यावर, दुसऱ्याच कशाच्या निमित्ताने. मालवणच्या समोरच याचा दगडी धडा उभा आहे. १६६४ साली कुरटे बेटावर सिंधुदुर्ग किल्ल्याचं काम सुरू झालं, तेव्हा महादरवाजा दोन बुरुजांच्या वळणात असा बसवला की समुद्रावरून येणाऱ्याला सलग तटच दिसावा. दार लपवलेलं नाही. ते जिथे दिसेल तिथे नजर जाऊ नये, एवढीच योजना आहे. इंग्रज धर्मोपदेशक आणि रहस्यकथालेखक रोनाल्ड नॉक्स यांनी १९२९ मध्ये रहस्यकथेचे दहा नियम मांडले. त्यांत एक असा की गुप्त खोली किंवा भुयार एकापेक्षा जास्त नको. आपलं बुजवलेलं दार ते एक. आणखी घेऊ नये.

नॉक्सचा दुसरा नियम सिंधुदुर्गात जड जातो. अतिमानवी उलगडा नको, असं तो म्हणतो. पण इथे देवचार, वेताळ, राखणदार हे गावाच्या रोजच्या बोलण्यात असतात. आरवलीच्या वेतोबाला लोक मोठाल्या चपला वाहतात, कारण तो रात्री गावाची राखण करत फिरतो अशी श्रद्धा आहे. आकेरीतल्या घरात चित्रित झालेल्या ‘रात्रीस खेळ चाले’ या मालिकेने २०१६ पासून तर कोकणातलं मोठं घर म्हणजे भुताचं घर, हे समीकरण महाराष्ट्रभर पक्कं करून टाकलं. मुलांसाठी लिहिताना दोन टोकं टाळावीत. भुताने चोरी केली असं उत्तर देऊ नये, कारण मग वाचकाने गोळा केलेले दुवे वाया जातात. आणि गावाच्या श्रद्धेची टरही उडवू नये. राखणदाराला दरसाल नारळ देणारी शेजारची म्हातारी कथेतली सगळ्यांत चौकस साक्षीदार असू शकते. ती म्हणते, ‘‘माका ठावक नाय, पण परड्यात कोण तरी फिरता.’’ कोण फिरतं ते तिने चुकीचं ओळखलेलं असेल. कुणीतरी फिरतं, हे तिचं म्हणणं मात्र खरं ठरलं पाहिजे.

आता आचराच का, ते सांगतो. या गावात दर काही वर्षांनी गावपळण होते. रामेश्वराचा कौल घेतला जातो, दिवस ठरतो, आणि मग तीन दिवस तीन रात्री अख्खं गाव वेशीबाहेर राहायला जातं. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, सगळी. वेशीपलीकडे राहुट्या पडतात, चुली मांडल्या जातात, रात्री भजनं रंगतात. पुन्हा कौल मिळाला की लोक परततात. बाजारपेठ, देऊळ, घरं तोवर निर्मनुष्य.

रहस्यकथेच्या अंगाने याचा विचार केला की थक्क व्हायला होतं. इंग्रजी हवेलीकथेत बर्फ पडतं किंवा पूल वाहून जातो आणि सगळे संशयित घरात कोंडले जातात. इथे उलट घडतं. घर रिकामं, आणि सगळे संशयित उघड्या माळरानावर एकमेकांसमोर. कोण जेवायला आलं नाही, भजनाला कोण नव्हतं, हे शंभर डोळ्यांना ठाऊक असतं. शिवाय तीन दिवसांत घरात एक जरी पाऊल उमटलं तरी ते नियम मोडून आलेल्या माणसाचंच असणार. मुलांना त्यासाठी स्वतः नियम मोडून घरी परतायची गरज नाही. तसं दाखवणं मला आवडणार नाही. निघताना मधला चुलीतली राख चाळून वळईच्या उंबऱ्याआत पसरून ठेवतो. परतल्यावर तिच्यावर चप्पल उमटलेली असते, आणि बुजवलेल्या दाराशी एक चिरा सैल झालेला असतो.

आत कोण आणि कसं गेलं? वाटांवर गावकरी उतरलेले. रस्त्याने जाणारा कुणाच्या तरी नजरेस पडलाच असता. उरते खाडी. आणि खाडी म्हटली की भरती-सुकती आली, जिला खोटं बोलता येत नाही.

किनाऱ्यावरची जुनी माणसं भरतीची वेळ तिथीवरून काढतात. तिथीचा आकडा घ्यायचा, त्याची पाऊणपट करायची. आलेला आकडा म्हणजे पूर्ण भरतीचा ढोबळ तास, सकाळचाही आणि रात्रीचाही. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणून भरती सहाच्या सुमाराला. त्यानंतर साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण सुकती. चंद्रामुळे भरती रोज सुमारे पन्नास मिनिटं पुढे सरकते. पाऊण तासाच्या हिशेबाने ती जवळजवळ पकडली जाते. हा हिशेब चौथ्या प्रकरणात एखादा मासेमारी करणारा आजोबा मधल्याला सहज शिकवतो, त्याच्याकडून दोन-तीन तिथ्या काढूनही घेतो. दिनदर्शिका ओटीवर टांगलेली असतेच.

गावपळणीनंतर काका सांगतो, ‘‘त्रयोदशीच्या पहाटे चारला आपल्या पायऱ्यांपाशी नुसता होडीत बसून गेलो, कामासाठी. घरात पाय ठेवला नाही.’’ तेराची पाऊणपट पावणेदहा. रात्री पावणेदहाला भरती, म्हणजे पहाटे चारला खाडी पुरती सुकलेली. पायऱ्यांखाली चिखल असणार, होडी तिथे लागूच शकत नाही. ती लागली असेल तर रात्री दहाच्या आसपास, आणि मग पाणी उतरल्यावर पुढची भरती येईपर्यंत, सकाळी दहापर्यंत, ती तिथेच अडकून पडली असणार. काका रात्रभर घरात होता.

इथे तिथी निवडताना जपावं लागतं. मी नवमी घेतली असती तर गणित तसंच सुटलं असतं, पण अष्टमी-नवमीला भांग असतो. पाणी फार चढत नाही, फार उतरतही नाही. उथळ होडी कदाचित निघालीही असती. मालवणच्या दांडी किनाऱ्यावरच्या कुठल्याही मुलाने ही चूक पकडली असती. त्रयोदशी उधाणाच्या जवळची, म्हणून सुकतीही खोल. ढोबळ नियम आणि त्या जागची खरी वेळ यांत थोडा फरक पडतो. म्हणून खोटं पकडायचं ते अर्ध्या तासाच्या फरकावर पकडू नये. आपल्या नमुन्यात सहा तासांचं अंतर आहे, त्यामुळे धोका नाही.

काका शोधतोय काय, हा गाभ्याचा भाग. सोनं नको. सिंधुदुर्गातल्या बंद घरांचं खरं रहस्य कागदात असतं. एका सातबारावर वीस-पंचवीस नावं असतात. काही मुंबईत, काही वारलेली, काहींचा पत्ताच नाही. नावांच्या मागे-पुढे तलाठ्याच्या अक्षरात लहान खुणा असतात. ‘ए.कु.मॅ.’ म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञान पालनकर्ता, मालक वयाने लहान आहे आणि त्याच्या वतीने कुणी मोठं माणूस बघतं, असं सांगणारी खूण. मुलांच्या गोष्टीत यापेक्षा चांगली सांकेतिक लिपी शोधून सापडणार नाही, कारण ही खरी आहे आणि वाचकाच्या स्वतःच्या घरच्या कपाटातही आहे.

काकाने एका बाहेरच्या गिऱ्हाइकाला घर आणि परडं विकलं आहे. त्याचं म्हणणं, मालमत्ता एकत्र कुटुंबाची, मी कर्ता, कर्जासाठी विकणं भाग होतं. ते खरं असेल तर कायद्यात त्याला बरीच मोकळीक आहे. पण आजोबांनी भावांमध्ये रीतसर वाटप केलं असेल आणि हे घर मुलांच्या वडिलांच्या वाट्याला आलं असेल, तर चित्र पालटतं. मग घर मुलांचं. थोरलीचा आणि धाकटीचा हक्क मधल्याइतकाच. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यानुसार खुद्द आईवडिलांनाही अज्ञान मुलाची स्थावर मालमत्ता न्यायालयाच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. नुसता सांभाळ करतो म्हणून पालक झालेल्या नातेवाइकाला तर ती विकण्याचा अधिकारच नाही. तेव्हा सगळं एका वाटपपत्रावर येऊन थांबतं. ते सापडू नये म्हणून काका धडपडतो आहे. बुजवलेल्या दारामागच्या कोनाड्यात आजोबांची पेटी आहे, एवढं त्याने ऐकलेलं असतं.

आणि इथे गोष्टीला घड्याळ मिळतं. खरेदीखत झाल्यावर तलाठी फेरफार नोंदवहीत नोंद घेतो, संबंधितांना नोटीस निघते, हरकतीसाठी पंधरा दिवस मिळतात. हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. नोटिशीचा कागद थोरलीच्या हाती पडतो तो मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेला. पंधरा दिवस म्हणजे अमावास्येकडून पौर्णिमेपर्यंतचा अख्खा पंधरवडा. प्रत्येक प्रकरणाला एक तिथी द्यावी, म्हणजे चंद्र वाढत जाईल तशी मुदत कमी होत जाईल, आणि भरतीचा हिशेब वाचकाच्या हाती आपोआप राहील. वेगळी धावपळ रचावी लागत नाही.

पेटीतला कागद काकाने आधीच नेलेला असावा. मुलं हरली असं वाटण्याची जागा हीच, साधारण चारपंचमांश पुस्तक झाल्यावर. पण पेटीच्या तळाशी पावती राहिलेली असते, तिच्यावर दस्त क्रमांक आणि साल. नोंदणीकृत दस्ताची नक्कल दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात जपलेली असते. स्थावर मालमत्तेच्या दस्तांचं पुस्तक आणि त्याची सूची १९०८ च्या नोंदणी कायद्याने कुणालाही पाहता येते, फी भरून नक्कल मिळते. घरातला कागद जाळून काही साधत नाही. दहा वर्षांच्या वाचकाला हे पहिल्यांदा कळतं तेव्हा होणारा आनंद मी शाळेतल्या मुलांच्या चेहऱ्यांवर पाहिला आहे. सरकारी कचेरी आपल्या बाजूनेही असू शकते, हे त्यांना नवीन असतं.

मालवणला जायला मात्र मोठं माणूस लागतं, कारण हरकत अज्ञान मुलांच्या वतीने कुणीतरी द्यावी लागते. आईवडिलांना कथेबाहेर काढून आपण मुलांना मोकळं केलं होतं. आता एक मोठं माणूस आत घ्यायची वेळ येते, आणि ते कोण हे मुलांनी निवडायचं असतं. परड्यात कुणीतरी फिरतं म्हणणारी शेजारची म्हातारी इथे पुढे येते. तिचं पहिलं म्हणणं कुणी खरं मानलं नव्हतं, थोरलीने मानलं. आता थोरलीचं म्हणणं ती खरं मानते. माझी कसोटी इथे लागते. ज्या वाटपपत्राने घर कुणाचं ते ठरलं, त्याच कागदासाठी मालवणच्या एसटीत शेजारी बसलेल्या म्हातारीच्या रूपाने मुलांना आपलं माणूसही मिळालं.

शेवटच्या प्रकरणात घाई करू नये. काकाला पकडलं आणि पडदा पडला, असं मुलांना चालत नाही. त्यांना पुढचं हवं असतं. हरकत नोंदली गेली, प्रकरण तक्रारी नोंदवहीत गेलं, पालक नेमण्यासाठी ओरोसच्या जिल्हा न्यायालयात अर्ज करावा लागेल, तोवर बालकल्याण समितीने मुलांना कुठे राहायला सांगितलं, शाळा तीच राहिली का, स्वयंपाक कोण करतं, धाकटी रात्री कुणाजवळ झोपते. चार-पाच पानं लागतील, ती द्यावीत. काकाचंही काय झालं ते सांगावं. त्याने मुलांना महिनाभर जेवू घातलं होतं, हे थोरलीला आठवतं आणि तिला त्याचं काय करावं ते कळत नाही. लेखकानेही तिथे निवाडा देऊ नये.



हस्तलिखित झालं की ते पाचवी-सहावीच्या वर्गात मोठ्याने वाचावं, रोज दोन प्रकरणं. शेवटची दोन राखून ठेवावीत आणि मुलांना चिठ्ठीवर लिहायला सांगावं की खोटं कोण बोलतं आणि ते तुम्हाला कशावरून कळलं. चाळीसांपैकी चार-पाच जणांनी तिथीचा हिशेब मांडून काका लिहिला, तर दुवे बरोबर बसले. सगळ्यांनी लिहिला तर भरतीच्या हिशेबाचा धडा चौथ्यातून तिसऱ्या प्रकरणात न्यावा आणि मध्ये दुसरं काही घडवावं. एकानेही लिहिला नाही, तर दहाव्या प्रकरणात मधल्याला पुन्हा एकदा दिनदर्शिकेसमोर उभं करावं.